ग्राहकाला विचारून झालं, आता मोजा

मार्च उजाडला की ठाणे स्टेशनच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या रेक्झिनचे गठ्ठे रचलेले दिसतात. वर सोनेरी अक्षरांत महाविद्यालयाचं नाव, आत साठ-ऐंशी पानं. विद्यार्थी त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदवीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प असो की एमएमएस या पदव्युत्तर पदवीचा, वाशी असो, नेरूळ असो की घोडबंदर रोड, रूप एकच. विषय मात्र खरोखर जिव्हाळ्याचे असतात: ठाण्यातल्या ग्राहकांचा ऑनलाइन किराण्याकडे कल, नवी मुंबईतल्या नोकरदार स्त्रियांची ब्रँडनिष्ठा, मॉलमध्ये आयत्या वेळी होणारी खरेदी. उत्तरं मात्र मोबाइलवर पाठवलेल्या प्रश्नावलीतून शोधली जातात, आणि हीच पद्धत पुढे प्राध्यापकांच्या शोधनिबंधांत आणि पीएचडीच्या प्रबंधांतही चालू राहते.

माझं म्हणणं असं की, यातलं बहुतेक काम ग्राहकाच्या वागण्याबद्दल सांगतच नाही. ग्राहकाने मोबाइलवर कुठल्या गोलात टिचकी मारली, एवढंच ते सांगतं. ठाणे आणि नवी मुंबई मिळून २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर माणसं मोजली गेली. एवढी माणसं रोज काय घेतात, कधी घेतात, काय हातात घेऊन परत ठेवतात, याबद्दल इथल्या किराणा दुकानदाराला उपयोग होईल असं फार थोडं या काळ्या वह्यांत सापडतं. दरवर्षी हजारो तरुण मुलांचे महिने या कामात जातात आणि त्याची फी त्यांचे आईवडील भरतात. म्हणून हा प्रश्न महाविद्यालयाच्या चार भिंतींतला राहत नाही. प्रश्नावलीला मिळणारे गुण कमी करून दुकानात आणि कारखान्यात जाऊन मोजण्याला गुण द्यायला हवेत.

आधी प्रश्नावली भरून कशी येते ते बघू. विद्यार्थी गूगल फॉर्म तयार करतो आणि वर्गाच्या, सोसायटीच्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. दोन-तीन दिवसांत शंभर-सव्वाशे उत्तरं येतात, त्यातली बरीचशी वीस ते तेवीस वयाच्या मित्रमैत्रिणींची. फॉर्म इंग्रजीत. त्यामुळे जांभळी नाक्यावर भाजी विकत घेणारी आजी, सोसायटीचा वॉचमन, दारावर मासळी विकणारी कोळीण हे सगळे आपोआप बाहेर. अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र ‘ठाणे शहरातील ग्राहक’ असं छापलं जातं.

जरा जास्त मेहनत घेणारा विद्यार्थी ३८४ उत्तरं गोळा करतो. हा आकडा प्रबंधांत इतक्या वेळा दिसतो की तो जणू नियमच झाला आहे. तो येतो कुठून? ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के इकडेतिकडे चालेल, असं धरलं की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर ३८४.१६. हिशेब बरोबर आहे. पण त्यात एक अट गृहीत आहे: शहरातल्या प्रत्येक माणसाला निवडलं जाण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवड झाली पाहिजे. ओळखीच्या ग्रुपवरून आलेली ३८४ उत्तरं काय नि ३,८४० काय, चूक तेवढीच राहते. उलट आकडा मोठा झाला की चुकीबद्दलचा आत्मविश्वास तेवढा वाढतो. त्यापेक्षा शहराच्या पाच वेगवेगळ्या भागांतल्या इमारती चिठ्ठीने काढून त्यातल्या दर दहाव्या दारावरची बेल वाजवलेली शंभर घरं कितीतरी अधिक सांगतात. बेल वाजवायची हे मात्र कष्टाचं काम आहे, आणि बंद दारावर दोनदा परत जावं लागतं.

मग प्रश्नांची गोष्ट. ‘दुकानातील वस्तूंचा दर्जा आणि किंमत याबाबत आपण समाधानी आहात का?’ हा प्रश्न निम्म्या प्रश्नावल्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतो. दर्जा चांगला पण किंमत जास्त, असं ज्याला वाटतं त्याने काय करायचं? ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा पाच गोलांतला तो मधला गोल निवडतो. मराठीत भाषांतर केलेल्या प्रश्नावलीत त्या गोलाखाली ‘सहमतही नाही, असहमतही नाही’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचा संकोच असतो, म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. विद्यार्थी त्याला ३ हा अंक देतो, सगळ्यांची सरासरी काढतो आणि ३.४२ आली की ‘ग्राहक बऱ्यापैकी समाधानी आहेत’ असा निष्कर्ष लिहितो. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ही पाच गोलांची मोजपट्टी मांडली ती माणसांची मतं, त्यांचे कल मोजण्यासाठी. खरेदी मोजण्यासाठी ती कधी नव्हतीच.

विश्वासार्हतेच्या प्रकरणात क्रॉनबॅकचा अल्फा नावाचा आकडा ०.७ च्या वर आला की मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोघंही सुटकेचा श्वास टाकतात. या आकड्याचा अर्थ एवढाच की एका गटातल्या प्रश्नांना लोकांनी एकमेकांशी जुळणारी उत्तरं दिली. ती खरी आहेत की नाहीत, हे तो सांगत नाही. पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ रोज न चुकता पाच मिनिटंच पुढे असतं. एकच प्रश्न शब्द फिरवून चार वेळा विचारला तरी अल्फा उत्तम येतो. आणि तीस गृहीतकं तपासली, पाच टक्क्यांची पातळी लावली (म्हणजे निव्वळ योगायोगाने फसण्याची पाच टक्के शक्यता चालवून घेतली), तर काहीही खरं नसताना एखाद-दोन गृहीतकं निव्वळ योगायोगाने ‘सिद्ध’ होतात. ब्लॅक बुकच्या पाचव्या प्रकरणात झळकतात ती अनेकदा हीच.

लोक मुद्दाम खोटं बोलतात, असं मला अजिबात म्हणायचं नाही. स्वतःच्या वागण्याची तेवढी बारीक नोंद कुणाच्याच डोक्यात नसते. पीटर डिक्सन आणि अॅलन सॉयर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकेतल्या सुपरमार्केटांतला अभ्यास याबाबत फार बोलका आहे. गिऱ्हाइकाने वस्तू गाडीत टाकली की अर्ध्या मिनिटाच्या आत त्याला किंमत विचारली. निम्म्याहून जास्त जणांना ती अचूक सांगता आली नाही. ज्याला आत्ता उचललेल्या साबणाची किंमत सांगता येत नाही, त्याला आपण ‘गेल्या सहा महिन्यांत किमतीचा तुमच्या निर्णयावर किती प्रभाव पडला’ असं विचारतो आणि उत्तराचे दशांश चिन्हापुढचे दोन अंक छापतो.

याउलट ज्यांनी खरेदी मोजली त्यांच्या हाती काय लागलं ते पाहा. ब्रिटनमध्ये अँड्र्यू एरेनबर्ग यांनी अनेक वर्षं कुटुंबांच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या: कोणत्या घराने कोणत्या आठवड्यात कोणता ब्रँड किती वेळा घेतला. त्यातून पुन्हापुन्हा दिसलेली गोष्ट अशी की, लहान ब्रँडला दोन बाजूंनी मार बसतो. त्याची गिऱ्हाइकं कमी असतात, आणि जी असतात तीही तो थोडी कमी वेळा घेतात. आपण ज्याला ‘ब्रँडनिष्ठा’ म्हणून मोठं करतो ती बरीचशी ब्रँडच्या आकाराचीच सावली निघाली. चहा, साबण, बिस्किटं, इंधन, कुठल्याही मालात हा आकृतिबंध सापडत गेला. नवी मुंबईतल्या नोकरदार स्त्रियांच्या ब्रँडनिष्ठेवर प्रबंध लिहिणाऱ्याने आधी हे वाचायला हवं, आणि वीस घरांच्या तीन महिन्यांच्या किराणा बिलांची फाइल मिळवायला हवी.

नेतृत्वावरच्या संशोधनाची अवस्था याहून नाजूक आहे. नवी मुंबईच्या रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत एचआर विभागामार्फत फॉर्म वाटला जातो. ‘माझे वरिष्ठ मला प्रेरणा देतात’ याला एक ते पाच गुण. फॉर्म परत जातो त्याच एचआरच्या टेबलावर. पोट भरण्याची जागा असताना कोण दोन गुण देईल? शिवाय ‘वरिष्ठ चांगले’ आणि ‘मी कामावर खूश’ ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच मूडमध्ये दिलेली असतात. त्यांचा परस्परसंबंध निघतोच. नेतृत्वाचा परिणाम बघायचा तर रुजू झाल्यापासून नव्वद दिवसांत किती जण सोडून गेले, पाळी बदलताना किती कामं अर्धवट राहिली, किती माल नापास झाला, हे आकडे त्याच कंपनीच्या रजिस्टरमध्ये असतात. ते मागायला कुणी जात नाही.

आणि आपल्याच दारात झालेलं एक उत्तम काम आपल्याच वर्गांत फारसं शिकवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी, जॉन रॉबर्ट्स आणि बेन आयफर्ट यांनी तारापूर आणि शेजारच्या उंबरगावच्या कापड गिरण्यांत केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. १७ कंपन्या, त्यांच्या २८ गिरण्या. चांगल्या व्यवस्थापनाचा खरोखर फायदा होतो का, हा प्रश्न. मालकांना प्रश्नावली दिली असती तर सगळ्यांनी ‘पूर्ण सहमत’ म्हटलं असतं. या लोकांनी कंपन्यांचे चिठ्ठीने दोन गट पाडले. एका गटाला व्यवसाय सल्लागारांनी एक महिना पाहणी करून पुढचे चार महिने हाताला धरून नवी शिस्त लावून दिली. दुसऱ्या गटात फक्त एक महिन्याची पाहणी झाली.

नवी शिस्त म्हणजे काय? ३८ साध्या गोष्टी. माग बंद पडला तर किती वेळ आणि का, हे रोज लिहायचं. कापडातला दोष कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत आला याची नोंद ठेवायची आणि रोज बसून ती बघायची. यंत्र मोडायची वाट न बघता ठरल्या तारखेला देखभाल करायची. सूत कुठे, किती, कोणत्या रंगाचं पडून आहे याची यादी करायची. जमीन झाडून, जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवायची. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. कापडातले दोष घटले, पडून राहणारा साठा कमी झाला. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी नव्या गिरण्याही उघडल्या.

मग मालक आधीच हे का करत नव्हते? काही गोष्टी त्यांना ठाऊकच नव्हत्या, आणि ठाऊक असलेल्या गोष्टींनी फरक पडेल यावर विश्वास नव्हता. आपला माल शेजारच्या गिरणीइतकाच चांगला आहे, म्हणजे ठीक आहे, असं त्यांना वाटत होतं. दोष मोजलेलेच नव्हते, तर कळणार कुठून. संशोधक २०१७ मध्ये परत गेले तेव्हा पहिल्या प्रयोगात स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटलेल्या होत्या. गिरणीचा मॅनेजर बदलला आणि मालकाला वेळ उरला नाही, ही मुख्य कारणं. तरीही प्रयोगातल्या कंपन्या इतरांच्या पुढेच होत्या, आणि काही पद्धती त्याच मालकांच्या दुसऱ्या गिरण्यांतही पोचल्या होत्या. हे दुसरं फळही परत जाऊन मोजल्यामुळेच मिळालं. मला तर हे पहिल्या निष्कर्षापेक्षा मोलाचं वाटतं.

एवढा पैसा आणि एवढी माणसं विद्यार्थ्याकडे नाहीत, हे मान्य. पण पद्धत तीच ठेवून आकार लहान करता येतो. एक प्रश्न घ्या: चिक्कीची बरणी मागच्या फळीवरून गल्ल्याजवळ आणली तर चिक्की जास्त खपते का? ठाण्यातलं किंवा कोपरखैरण्यातलं एखादं मध्यम किराणा दुकान निवडा, जिथे दिवसाला दोनशेच्या आसपास गिऱ्हाइकं येतात. एक आठवडा बरणी मागे, पुढचा आठवडा पुढे, असं सहा आठवडे. पहिला आठवडा कोणता, हे नाणं उडवून ठरवा. शक्य झालं तर दुसरं दुकान घ्या आणि तिथे क्रम उलटा ठेवा. म्हणजे सगळ्या शहरात एकदम काही घडलं तर ते दोन्हीकडे दिसेल. दर शंभर गिऱ्हाइकांपैकी दहा जण चिक्की घेत असतील आणि ती संख्या तेरावर गेली का एवढं पकडायचं असेल, तर प्रत्येक बाजूला (बरणी मागे असताना आणि पुढे असताना) साधारण अठराशे गिऱ्हाइकं मोजावी लागतात. म्हणजे प्रत्येक बाजूचे नऊ दिवस. पण दिवस सारखे नसतात, म्हणून आठवडे पूर्ण घ्यायचे.

विक्रीचा आकडा काढायला गल्ला उघडायला सांगायची गरज नाही. सकाळची पाकिटं, अधिक दिवसभरात आलेली, वजा रात्री उरलेली. हा हिशेब दुकानदाराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, आणि जीएसटीच्या भीतीने विक्री सांगायला कचरणारा माणूसही पाकिटं मोजू देतो. गिऱ्हाइकं मोजायला वही आणि पेन्सिल: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. बिलांचे फोटो घ्यायचे झाले तर मोबाइल नंबर झाकूनच घ्यायचे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी तेच योग्य होतं.

गडबड कुठे होते तेही आधीच सांगायला हवं. चौघांचं कुटुंब आलं तर एक धरायचं की चार? एक खरेदी म्हणजे एक, असं पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. दोन विद्यार्थ्यांनी एकच तास वेगवेगळा मोजावा. आकड्यांत शंभरामागे पाचापेक्षा जास्त फरक आला तर व्याख्या धूसर आहे असं समजून ती पुन्हा लिहावी. फोनवरून मागवलेला माल वेगळ्या रकान्यात, कारण त्या गिऱ्हाइकाने बरणी पाहिलेलीच नाही. बरणी रिकामी झाली तर वेळ टिपा, नाहीतर माल नव्हता म्हणून झालेली शून्य विक्री ‘मागणी नाही’ म्हणून मोजली जाते. ही चूक सर्रास होते. आणि सगळ्यात चोरटी चूक म्हणजे दुकानदार स्वतः. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर तो ‘चिक्की घ्या ना, ताजी आहे’ असं म्हणू लागतो. त्याला सुरुवातीलाच विनंती करा आणि पहिले तीन दिवस मोजा पण हिशेबात धरू नका.

शिवाय आपलं पंचांग. परदेशी पाठ्यपुस्तकात हे नसतं आणि इथल्या बाजारात त्याच्याशिवाय पान हलत नाही. एकादशी आणि संकष्टीला साबुदाणा, वरी, राजगिरा, शेंगदाण्याचे पदार्थ उचलले जातात, म्हणजे आपली चिक्कीसुद्धा. श्रावणात अंडी-मटणाचा खप पडतो, मार्गशीर्षात तो गुरुवारी पडतो. पितृपक्षात कपडे आणि गाड्यांची नवी खरेदी लोक पुढे ढकलतात. महिन्याचे पहिले दहा दिवस पगाराचे, शेवटचे हात आखडण्याचे. मेगाब्लॉकच्या रविवारी स्टेशनजवळचं दुकान आणि आतल्या सेक्टरमधलं दुकान यांची गर्दी वेगळी वागते. या सगळ्याला वहीत एक रकाना हवाच. गणपतीच्या दहा दिवसांत घेतलेल्या सर्वेक्षणावरून वर्षभराच्या मिठाईच्या मागणीबद्दल बोलणारे निबंध छापून येतात, ते हा रकाना नसल्यामुळे.

यावर एक आक्षेप रास्त आहे: मोजून ‘काय’ कळतं, ‘का’ कळत नाही. खरं आहे. म्हणून प्रश्न विचारणं टाकून द्यायचं नाही, त्याची जागा बदलायची. मोजणीत काही विचित्र दिसलं की त्या गिऱ्हाइकाला तिथेच विचारा, आणि कालपरवाच्या एका खऱ्या खरेदीबद्दल विचारा: काल काय आणलं, कुठून, पिशवीत आणखी काय होतं, काय घ्यायचं राहिलं. ‘तुम्ही सर्वसाधारणपणे’ अशी सुरुवात असलेला प्रश्न खोडून टाका. आणि मराठीत विचारा.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा. तासिका, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कागदपत्रं, परीक्षेची कामं यांतून सहा आठवडे दुकानावर लक्ष कधी ठेवायचं? ही तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पण चाळीस विद्यार्थ्यांच्या चाळीस प्रश्नावल्या तपासण्यापेक्षा दहा गटांचे दहा प्रयोग सांभाळणं सोपं जातं. आणि एकाच प्रश्नावर दहा दुकानांतून आकडे आले तर ते जोडून काही ठामपणे बोलता येतं, जे चाळीस सुट्या ब्लॅक बुकांतून कधीच होत नाही. पीएचडीच्या वाटेवरचा एक अडसर तर दूरही झाला आहे: प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीने काढली. घाईघाईत पैसे भरून कुठल्याही मासिकात छापून घेण्याचं ते कारण आता उरलेलं नाही.

घोडबंदर रोडवरच्या दुकानदाराला आज पडलेला प्रश्न अगदी नेमका आहे. दहा मिनिटांत माल पोचवणारी अॅप्स आल्यापासून माझ्या बिलातून कोणत्या वस्तू गेल्या, आणि त्यातल्या कोणत्या ठेवणं मी बंद करू? त्याच्या उधारीच्या वह्यांत आणि बिलिंगच्या संगणकात उत्तर पडून आहे. तीन वर्षांपूर्वीचा जून आणि यंदाचा जून शेजारी ठेवून प्रत्येक बिलात किती नग होते आणि कोणते गळाले हे काढलं, तर एका विद्यार्थ्याच्या दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला तेवढं काम भरपूर झालं. निकाल एका पानावर, मराठीत किंवा तो बोलतो त्या भाषेत, त्याच्या हातात द्यायचा. तो वाचून म्हणाला की ‘हे चुकलंय, त्या महिन्यात माझं दुकान आठ दिवस बंद होतं’, तर तीही दुरुस्ती अहवालात जायला हवी.

गुणांची विभागणी विद्यापीठ आणि महाविद्यालयं मिळून एका परिपत्रकात बदलू शकतात. शंभरातले चाळीस गुण मूळ नोंदींना द्या. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सोनेरी अक्षरांची प्रत उघडण्याआधी मोजणीची वही मागावी: पेन्सिलीच्या रेघा, खाडाखोड, पावसात भिजलेलं एखादं पान. ‘बरणी रिकामी, संध्याकाळी ७.४०’ अशी ओळ जिच्यात सापडेल, त्या वहीपासून प्रश्न विचारायला सुरुवात करावी.